वासंतीच्या बारा बादल्या

वासंती, आधी भांडून घेते. रडायचं ते तेरा दिवस रडून झालं, आणि खरं सांगू का, त्यातलं निम्मं लोकांना दाखवायला होतं. नणंद गेली तर भावजय किती रडते हे बघायला आलेल्या बायका असतातच. तूच म्हणायचीस ना, आमची वैनी रडायला बसली की आळी गोळा होते. झाली गोळा. तू नव्हतीस फक्त.

तुझ्याच पडवीत बसून लिहिते आहे. अंगणवाडीत जन्म गेला, त्यामुळे लिहायचा कंटाळा नाही. पोरांची वजनं लिहिताना कधी पाव किलो इकडचं तिकडे केलं नाही मी. तुझ्याशी मात्र खोटं बोलले. काय बोलले ते या कागदावर यायला जरा वेळ लागेल, एकदम सांगायला जमणार नाही मला. ऐकून घे. मधे बोलू नकोस. तशीही आता कुठं बोलणार आहेस.

लोकांच्या नणंदा-भावजया पाटल्या-बांगड्यांवरून भांडतात. आपण भांडलो मातीवरून. तू रोह्याची लेक. आपल्या घरामागचा कालव्याकाठचा तो वाफा, तिथं वाळकी काठी खोचली तरी पालवी फुटेल. तिथली वांगी-मिरच्या तोडत तू वाढलीस आणि लग्न होऊन आलीस पेणच्या या खाडीकाठी, जिथं बांध फुटला की भरतीचं पाणी थेट शेतात. तन्वी जन्मली त्या वर्षी तो फुटला. नात मांडीवर आणि खारं पाणी दारात, असं तू मला फोनवर म्हणाली होतीस. तेव्हापासून तुमच्या गावात कोथिंबिरीची काडी हवी तरी पेणचा बाजार गाठायचा. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही मी दरवेळी म्हणायचे, भाजी करायची तर माती लागते माती, बाकी सगळे चाळे.

आणि चाळेच होते गो पहिले पहिले. अश्विनीनं तुला मोबाईल चालवायला शिकवलं आणि तू बिघडलीस. सुनेनं सासूला बिघडवलेलं मी प्रथमच बघितलं. पहिला आला तो उलटा टोमॅटो. कोल्ड्रिंकची बाटली कापायची, तिच्यात माती, आणि तोंडातून रोप खाली लोंबत सोडायचं. व्हिडिओत कसे घोसच्या घोस लटकत होते. तुझ्या वाशाला बांधलेलं रोप दोन दिवसांत वळलं आणि कुत्र्याच्या शेपटीसारखं वर निघालं. वर कुठं आणि खाली कुठं हे झाडाला कळतं, त्याला कुणी शिकवावं लागत नाही. अकरा वाजेपर्यंत बाटली सुकून खडखडीत. पाणी घातलं की ते खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर. एवढ्या सायासानं तीन टोमॅटो लागले, आवळ्याएवढे. तू ते ताटलीत घालून मला फोटो पाठवलास.

त्याच थंडीत तुम्ही सगळे रोह्याला पोपटीला आलात. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, शेतात मडकं पालथं घालून भोवती जाळ. बसल्या बसल्या मी तुझी टर उडवली. टोमॅटोला फाशी दिली म्हटलं, अजून काय काय बोलले. तू जाळाकडे बोट दाखवलंस.

"मडकं उलटं ठेवून शेंगा शिजतात ना वैनी? मग माझा टोमॅटो उलटा वाढला तर तुझ्या पोटात का दुखतं?"

तुझा दादा एवढा हसला की त्याला ठसका लागला. सगळेच हसले. माझ्या पोटात मात्र खरंच दुखलं, आणि मी सगळ्यांसमोर बोलून बसले की तुझ्या डब्या-बाटल्यांत भाजी पिकली तर मी नाव बदलीन. तोंडातून गेलेला शब्द तो. मग तुझं काहीही फसलं की मला आतून बरं वाटायला लागलं.

बटाटे फसले तेव्हा तर मी इथंच होते. सिमेंटची गोणी, तिच्यात माती, झाड जसं वाढेल तशी वरून आणखी माती. व्हिडिओतला माणूस शेवटी गोणी उलटी करतो आणि बटाट्यांचा ढीग पडतो. तू तुमच्या बचत गटातल्या बायकांना बोलावून ठेवलं होतंस. गोणी उलटी केलीस, भसकन माती पडली आणि तिच्यात सुपारीएवढे नऊ बटाटे. हिराबाय म्हणाली, बटाट्याची बारशी झाली, आता लग्नाला बोलव. तू पण हसलीस आणि ते नऊ बटाटे रस्सा करून सगळ्यांना वाढलेस. नंतर कळलं, त्या माणसाकडं थंडी असते, महिनोन् महिने. त्याचं खोटं नव्हतं आणि तुझंही खोटं नव्हतं. व्हिडिओत हवा कुठं दिसते.

भाताच्या पेंढ्याचे गठ्ठे केलेस तेही मला आठवतात. गठ्ठ्यावर शेणपाणी ओतलंस आणि दुसऱ्याच दिवशी रोपं खोचलीस. गठ्ठा आतून तापला, हात घातला तर चटका, रोपं उकडून गेली. दुसऱ्यांदा तू थांबलीस, गठ्ठा निवेपर्यंत हातच लावला नाहीस. मग दुधी लावलास आणि लागला की हातभर. मी तो खाल्ला, मिटक्या मारत खाल्ला, आणि म्हटलं, दुधी काय, उकिरड्यावर पण येतो. वाईट बोलले मी. गठ्ठ्याचं काम झालं होतं, खाऱ्या जमिनीला न शिवता भाजी आली होती. चांगलं म्हणायला माझी जीभ वळली नाही.

तुझं एक होतं. हरलीस तरी रुसायची नाहीस. कुठं चुकलं ते शोधत बसायचीस, सापडेपर्यंत.

मग बादल्या. हे नीट सांगते, कारण पुढचं सगळं यावर आहे. हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात तू हंगामात रंगकामाला जायचीस. तिथं जुन्या बादल्या काढून टाकायच्या होत्या, मालक न्या म्हणाला. मी त्या दिवशी पेणला डोळे दाखवायला आले होते आणि तू मला ओढत नेलंस. दोन ढीग होते. एक रंग कालवायच्या बादल्यांचा, दुसरा आत, शाडूची माती भिजवायच्या बादल्यांचा. रंगाच्या ढिगाला तू हातही लावला नाहीस. पोरगी खाणार त्यातलं, म्हणालीस. शाडूची एकेक बादली उचलायचीस, वास घ्यायचीस, आतून बोट फिरवायचीस आणि बोटाला लागलेली माती माझ्यापुढं धरायचीस, बघ वैनी, मातीच हाय ना. मी कंटाळून व्हय व्हय करत होते. एका बादलीच्या कडेला बाहेरून सोनेरी रंगाचा ओरखडा होता, कुणाचा तरी हात लागलेला. ती घ्यावी की नाही यावर तू माझं डोकं खाल्लंस. शेवटी बाहेरच आहे म्हणून घेतलीस. बारा झाल्या.

खाली अर्धा कापलेला तेलाचा डबा, पाण्याचा. त्यावर बादली, मातीची. बादलीच्या बुडाला भोक आणि भोकातून जुन्या सुती साडीची पट्टी पाण्यात सोडलेली. निरांजनातली वात तेल ओढते तशी ही पट्टी पाणी ओढणार. वरून पाणी घालायचं नाही, वाया जायचं नाही, झाड लागेल तेवढंच पिणार. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावाला याहून चांगलं काय असणार. आणि माती? माती तुझ्या दादानं आणून दिली. माझ्या वाफ्यातली, गोण्या भरून, मला न विचारता. मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही. तुझंही माहेरच ते, पण वाफा मी राखलेला ना गो, शेण-राख घालून घालून. तेव्हा मला असंच वाटत होतं.

संक्रांतीपर्यंत टोमॅटो लाल झाले. एखाददुसरा नाही, घोसाने. तन्वी शाळेतून आली की दप्तर फेकून आधी बादल्यांकडे जायची आणि उभ्या उभ्या दोन-चार खायची, हनुवटीवरून रस गळेपर्यंत. गटातल्या बायका रोज येऊन बघून जायच्या. असंच होळीपर्यंत टिकलं तर घरटी चार बादल्या, असं ठरलं होतं त्यांचं. मला मुद्दाम बोलावलंस. मी आले, बघितलं, एक तोडून खाल्ला. गोड होता. आणि मी म्हटलं, टिकू दे आधी.

आठच दिवसांत तुझ्या छातीत दुखलं. पनवेलला हॉस्पिटलात तू, तिथं तुझ्याजवळ अश्विनी, पोराची कंपनीत शिफ्ट. घर आणि तन्वी बघायला मी आले. एकोणीस दिवस राहिले. गाडीत बसतानासुद्धा तुझं सगळं लक्ष बादल्यांत. माझा हात धरून सांगितलंस.

"तळ्याचं पाणी नको घालू वैनी. दिसायला बरं दिसतं. नळ नाय आला तर दोन दिवस उपाशी राहतील झाडं, पण तळ्याचं नको. जिभेवर घेऊन बघ आधी."

तुमच्याकडं पाणी आधी जिभेवर. नळाचं असो, ड्रमातलं असो, शेजारणीनं दिलेलं असो, बाई बोट बुडवते, चाखते, मग ओतते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं. आम्ही कालव्याकाठचे, आम्हाला पाणी म्हणजे पाणी.

सहाव्या दिवशी नळ आला नाही. सातव्या दिवशी नाही, आठव्या दिवशी पण नाही. तू बादल्यांसाठी निळा ड्रम भरून ठेवला होतास, तो मी धुण्याला वापरून बसले होते. खरकटी भांडी, पोरीचे कपडे, येणारे-जाणारे. बादल्यांखालचे डबे कोरडे झाले. घरामागं तळं होतंच. मी कळशी घेतली आणि गेले.

आता ऐक. मी चाखलं नाही. विसरले म्हणून नव्हे. कळशी भरताना तुझा शब्द माझ्या कानात होता. पण चाखलं असतं तर घालता आलं नसतं. आणि मला वाटत होतं, कसली ही सोंगं, माझ्या वाफ्यातली माती आहे, ती काही तळ्याच्या पाण्याला घाबरणार नाही. बघू तर. हे 'बघू तर' होतं ना वासंती, त्यात ते नाव बदलण्याचं बोलणं होतं, तुझ्या दादाचं हसणं होतं, न विचारता नेलेल्या गोण्या होत्या. फसावं असं मला वाटत होतं का? नव्हतं, असं म्हणायला मी आज सकाळपासून तयार होते. इथं लिहिताना मात्र हात थांबला. वाटत होतं थोडं.

पाच दिवसांत पानांच्या कडा करपल्या. मग मातीवर पांढरं दिसायला लागलं, पीठ भुरभुरल्यासारखं. तेव्हा मी चाखलं. मीठ. पट्टीनं पाणी वर ओढलं, उन्हानं पाणी उडालं, मीठ तिथंच राहिलं. तुझा सासरा जन्मभर मिठागरात हेच करत राबला, आणि मी त्याच्या दारात बारा बादल्यांची बारा मिठागरं केली. त्या दिवशी नळ आला होता. वरून गोडं पाणी भरपूर ओतलं असतं तर मीठ खालून निघून गेलं असतं, झाडं वाचली असती, हे मला आता कळलंय. तेव्हा मी घाबरले. तुझ्या येण्याला चार दिवस होते. मी करपलेली रोपं तेवढी तुला दाखवायला ठेवली आणि माती सगळी उपसून मागं बांधाच्या पलीकडं ओतली. डबे रिकामे करून पालथे घातले. तुला सांगितलं, आठ दिवसांत माना टाकल्या गो, काय झालं देव जाणे, मातीला किडे लागले होते म्हणून ओतली.

तू रागावलीस का? नाहीच. शोधायला लागलीस.

माझी माती चांगली, हे तर मी जन्मभर तुझ्या डोक्यात भरलेलं. पाणी ड्रमचं, कारण वैनीनं तसं सांगितलंय. मग उरल्या बादल्या. तुझी नजर त्या सोनेरी ओरखड्यावर गेली आणि तिथंच अडकली. रंग. रंगाची बादली आपण उचलली असणार, नीट बघितलं नसणार, आणि त्यातलं आपण पोरीला खाऊ घातलं. डॉक्टरांनी तुला वजन उचलू नको म्हटलं होतं. दुपारी मी रोह्याला निघायच्या तयारीत होते, बाहेर आले तर तू अंगणात बसून बादल्या घासत होतीस. राख आणि काथ्या घेऊन. घासायचीस, धापा टाकायचीस, पुन्हा घासायचीस, पाणी उन्हात धरून त्यात रंग उतरतो का बघायचीस. मी म्हटलं, राहू दे गो. तू म्हणालीस, मला एकदा कळू दे. मी पिशवी उचलली आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाले. गाडीला अजून दीड तास होता.

पुढचं मला अश्विनीकडून कळत गेलं. गटातल्या बायकांना तू बोलावलंस आणि माफी मागितलीस. माझ्या हातून चूक झाली, बादल्यांच्या नादी लागू नका, त्यात काय काय असतं आपल्याला कळत नाही. बायका घरी गेल्या, कुणी लावलेल्या दोन-चार बादल्या होत्या त्याही काढून टाकल्या. मग तन्वीचा पुढचा दात पडला. सहा वर्षांची पोर, दुधाचा दात, तो पडायचाच. तू तो तळहातावर घेऊन बसलीस आणि रंगानंच पडला म्हणून रडलीस. अश्विनीनं हे मला फोनवर हसत सांगितलं. मीही हसले.

त्यानंतर तुझा फोन आला. सकाळची वेळ, मी वाल सोलत होते. तू इकडचं तिकडचं काही विचारलं नाहीस.

"वैनी, तू सोबत होतीस. खरं सांग, बादल्या मातीच्याच होत्या ना?"

एका शब्दाचं उत्तर होतं. व्हय म्हटलं असतं तर तू सुटली असतीस. पण बादल्या चांगल्या, माती चांगली, मग तू पाण्याकडे वळली असतीस, आणि मग माझ्याकडे. एवढा हिशेब माझ्या डोक्यात वालाचा एक दाणा सोलून होईपर्यंत झाला. मी म्हणाले, "आता मला आठवत नाय गो."

तू बरं म्हणालीस. फोन ठेवलास. हे आपलं शेवटचं बोलणं.

नऊ दिवसांनी तू गेलीस. हृदयच ते, आधीच दुखावलेलं होतं, डॉक्टर म्हणाले असं होतं. बादल्या घासून गेलीस असं कुणी म्हणालं नाही. मला तसं वाटतं का, हे मला विचारू नकोस.

मी गप्प राहून निभावून नेलं असतं, वासंती. मेलेल्या माणसापुढं खोटं टिकतं, ते उलट विचारत नाही. पण परवा तुझ्या तेराव्याला मी मागच्या खोलीत गेले तर तन्वी कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. मला सुई नको रोह्याच्या आजी, म्हणाली. मी अश्विनीला विचारलं. ती वडे तळत होती, माझ्याकडे न बघता म्हणाली की आईंनी माझ्याकडून वचन घेतलंय, पोरीला पेणला नेऊन रक्त तपासायचं, अंगात रंग गेलाय का बघायचं. उद्या सकाळी जायचंय. शेवटच्या दिवशी पण आई हिचं तोंड उघडून हिरड्या बघत होत्या, म्हणाली.

तू मरणाच्या दिवशी त्या पोरीच्या हिरड्या बघत होतीस.

मी तिथंच सांगितलं, शेगडीपाशी. तळं, कळशी, पांढरी माती, बांधापलीकडं ओतलेलं सगळं. बादल्या शाडूच्याच होत्या आणि मी सोबत होते हेही. अश्विनीनं झारा खाली ठेवला. ती ओरडेल असं मला वाटलं होतं, ओरडली असती तर बरं झालं असतं. गॅस बंद करून तिनं पदराला हात पुसले.

"मामी, हे त्यांना सांगितलं असतं तर त्या दोन घास जेवल्या असत्या हो."

मग म्हणाली, चला, बायका बसल्यात, त्यांच्यासमोर बोला. मी गेले. तुझ्या फोटोसमोर तुमच्या गटाच्या बायका जेवणाची वाट बघत होत्या, आणि मी उभी राहून सगळं पुन्हा सांगितलं. हिराबाय उठली, काठी टेकत मागं गेली, बांधापलीकडची माती चिमूटभर तोंडात घेतली आणि थुंकली. परत आली ती माझ्याजवळ न थांबता आपल्या जागेकडे गेली. वासंतीला आमच्यासमोर खोटी पाडलीस, एवढंच म्हणाली, आणि पानावर बसली. बाकीच्यांनी मान वर केली नाही. मला कुणी वाढलंही नाही, मीच घेतलं.

मला वाटलं, सुई तरी टळली. संध्याकाळी मी अश्विनीला म्हटलं, आता पोरीला कशाला नेतेस, बादल्या चांगल्या होत्या, मी सांगितलं ना. ती म्हणाली, नेणारच. मामी, तुमच्या शब्दावर आता मी नाय बसू शकत.

बरोबर होतं तिचं. काल सकाळी गेलो. तन्वी माझ्या मांडीवर होती, दुसऱ्या कुणाकडं जायला तयार नव्हती, तिला कुठं ठाऊक होतं की ही सुई कुणामुळं. दंड मी धरला. ती ओरडली तेव्हा मी तिला म्हटलं नाही की दुखणार नाही. खोटं बोलायचं नाही असं सकाळीच ठरवलं होतं, निदान या पोरीशी. आज दुपारी रिपोर्ट आला. सगळं ठीक आहे. अश्विनीनं तो दोनदा वाचला, मग तुझ्या फोटोकडे बघत राहिली, आणि मी तिथून उठून इथं पडवीत आले.

मी रोह्याला परत जाणार नाही इतक्यात. तुझ्या दादाला सगळं सांगितलंय. उद्या तो वाफ्यातली माती आणतोय, या वेळी मी मागितली म्हणून. टोमॅटोचे दिवस गेले, उन्हाचं त्याचं फूल गळतं. लाल माठ आणि चवळी लावीन, वर साडीची सावली करून. हिराबायनं निरोप पाठवलाय की पाणी घालायच्या वेळी रोज ती समोर येऊन बसणार. बसू दे. माझ्यावर पहारा बसला पाहिजेच. भाजी येईल की नाही मला ठाऊक नाही गो. तुझी ती उलटी बाटली नाही चालली, गोणीतले बटाटे नाही झाले, गठ्ठा थांबल्यावर चालला आणि बादली माझा हात लागेपर्यंत चालत होती. एवढं मात्र मी आता कुणाच्याही समोर सांगेन, माझ्या नावानिशी.

तू आभाळातून बघतेस वगैरे मी मानत नाही, तुलाही ते आवडायचं नाही. तरी तू मला एक विचारलं होतंस, आणि मी उत्तर दिलं नव्हतं. तेव्हा मी वाल सोलत होते. आता हात रिकामे आहेत.

व्हय, वासंती. बादल्या मातीच्याच होत्या. तू एकेक नीट बघून घेतली होतीस. मला तेव्हाही आठवत होतं.